महाविद्यालयीन तारुण्य आणि समाजाचे मौन

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत लैंगिक वर्तनासारखा विषय यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. शाळेचा आणि या विषयाचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविकही आहे. परंतु बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दोन-तीन महिन्यांतच महाविद्यालयाच्या आवारात उभा असतो. कोणाशी मैत्री करावी, संध्याकाळ कोठे घालवावी, कोणाचे ऐकावे आणि कोणाला नकार द्यावा, हे सारे तेथे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. त्या वेळी त्याच्याजवळ जी शिदोरी असते ती घराने आणि शाळेने बांधून दिलेली असते. ती पुरेशी आहे काय, हे पाहणे शिक्षकांचे, पालकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचेही कर्तव्य आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट ठरेल. लैंगिक वर्तन म्हणजे केवळ शरीरसंबंध असा संकुचित अर्थ येथे अभिप्रेत नाही. आकर्षण वाटणे, ते व्यक्त करणे अथवा दडपणे, जवळीक, स्पर्श, होकार, नकार आणि या सर्वांविषयी मनात बाळगलेले समज, असा व्यापक अर्थ येथे घेतला आहे. विवाहपूर्व संबंधांचा पुरस्कार वा धिक्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. अविवाहित विद्यार्थ्यांचे वर्तन कोणत्या सामाजिक कारणांनी घडते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. व्यक्तीचे निर्णय व्यक्तीच घेते. परंतु कोणत्या परिस्थितीत, किती माहितीनिशी आणि कोणत्या भीतीखाली ते घ्यावे लागतात, हे बहुतांशी समाज ठरवतो.

समाजानेच निर्माण केलेला मध्यंतर

आपल्या पणजीच्या काळी ‘अविवाहित महाविद्यालयीन तरुणी’ हा प्रश्न जवळपास अस्तित्वातच नव्हता, कारण अशी तरुणीच विरळा होती. वयात येण्यापूर्वी अथवा येताच विवाह होत असे. ही रूढी मोडण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत बडोदे संस्थान अग्रभागी होते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा करून मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६ ही किमान वये ठरवली, आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीचे वय १४ व मुलाचे १८ झाले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ व २१ झाले.

कायदा आणि शिक्षण या दोहोंचा परिणाम हळूहळू दिसू लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, २० ते २४ वयोगटातील ४७.४ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण २३.३ टक्क्यांवर आले. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांत सुमारे २ कोटी ७ लाख मुली होत्या.

ही प्रगती निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु तिच्यातून एक नवी अवस्था जन्माला आली. शरीर बारा-चौदाव्या वर्षी वयात येते आणि शिकणाऱ्या मुलामुलींचा विवाह तेवीस, पंचवीस, कधी अठ्ठाविसाव्या वर्षी होतो. मधली ही दहा-पंधरा वर्षे निसर्गाने दिलेली नाहीत. ती आपण, समाजाने, विचारपूर्वक आणि योग्य कारणासाठी निर्माण केली. मात्र या मध्यंतरात मनाचे आणि शरीराचे काय करावे, याविषयी आपण तरुणांना काहीच सांगितले नाही. जुन्या ब्रह्मचर्याश्रमाचा दाखला येथे नेहमी दिला जातो. तो आश्रम गुरुगृही राहणाऱ्या मुलासाठी कल्पिलेला होता. मुलामुलींनी एका बाकावर बसून शिकावे, ही गोष्ट त्याच्या कल्पनेतही नव्हती.

पाहण्या काय सांगतात

या विषयावर बोलताना अतिशयोक्ती दोन्ही बाजूंनी होते. कोणी म्हणते, ‘आपल्याकडे असले काही नसते.’ कोणी म्हणते, ‘आजकाल सगळेच बिघडले आहे.’ उपलब्ध माहिती या दोन्ही विधानांना दुजोरा देत नाही. २००६-०७ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची विस्तृत पाहणी केली. पन्नास हजारांहून अधिक तरुण-तरुणींच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांतील सुमारे १५ टक्के तरुणांनी आणि ४ टक्के तरुणींनी विवाहपूर्व शरीरसंबंधांचा अनुभव असल्याचे सांगितले. म्हणजे हा अनुभव सार्वत्रिक नाही; परंतु नगण्यही नाही. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर ही संख्या लक्षावधींत जाते.

या दोन आकड्यांतील तफावत स्वतःच एक सामाजिक वस्तुस्थिती आहे. तरुण पुरुष अशा अनुभवाची फुशारकी मारू शकतो. तरुणी तो जिवापाड लपवते. म्हणून एकाचा आकडा किंचित फुगलेला आणि दुसरीचा बराच आकसलेला असण्याची शक्यता अभ्यासक नेहमी ध्यानात ठेवतात. समोरासमोर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि नाव न लिहिता बंद पाकिटात दिलेले उत्तर वेगवेगळे येऊ शकते, म्हणून या पाहणीत दुसऱ्या मार्गाचाही अवलंब केला होता. ज्या समाजात प्रामाणिक उत्तर मिळवण्यासाठी पाकीट बंद करावे लागते, त्या समाजाचे मौन किती गडद असेल याची कल्पना यावरून यावी.

याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष आपल्या समजुतीला धक्का देणारा आहे. विवाहपूर्व संबंधांचे प्रमाण शहरी तरुणांपेक्षा ग्रामीण तरुणांत अधिक आढळले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आणि शहरी झोपडवस्त्यांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही शिक्षण जितके अधिक तितके असे संबंध कमी, असे दिसून आले. महाविद्यालय हेच सर्व बिघाडाचे मूळ, हा लोकप्रिय सिद्धान्त या माहितीपुढे टिकत नाही. शिकणाऱ्या मुलाला आणि विशेषतः मुलीला स्वतःच्या भविष्याचे काही चित्र दिसत असते. ते चित्र तिला थांबायला आणि विचार करायला शिकवते.

घर : माया, धाक आणि भाषा

सामाजिक कारणांत पहिले स्थान घराला द्यावे लागेल. पुणे जिल्ह्याच्या उपरोक्त अभ्यासात मुलींवरील पालकांची देखरेख आणि अशा संबंधांचे कमी प्रमाण यांचा संबंध आढळला. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की, ज्या मुलींना घरात मारहाण होई किंवा ज्यांनी वडिलांना आईवर हात उगारताना पाहिले होते, त्यांच्यात असे संबंध अधिक होते. देखरेख आणि दहशत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा यातून घेता येतो. ज्या घरात मायेचा शब्द मिळत नाही, तेथील मुलगी तो शब्द बाहेर शोधते. आणि जो कोणी तो प्रथम उच्चारतो त्याची पारख करण्याइतका अवसर तिला नसतो.

मायेच्या घरातही या विषयावर मौन असते. आई मुलीला मासिक पाळीविषयी दोन सूचना देते. पण त्या बहुधा काय शिवू नये आणि कोठे जाऊ नये, एवढ्यापुरत्याच असतात. वडील मुलाशी परीक्षेविषयी बोलतात, नोकरीविषयी बोलतात, क्रिकेटविषयी तर तासन्‌तास बोलतात. परंतु त्याचा आवाज फुटला, मिसरूड फुटले, त्या दिवसांत त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारायचे राहून जाते. यात पालकांचा दोष एकट्यांचा नाही. त्यांच्याशी तरी कोण बोलले होते?

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत या मौनाला भाषेचीही एक बाजू आहे. बडोद्यातील मराठी मूल घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनसमोर हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी बोलते. शरीराच्या अवयवांना आणि व्यवहारांना यांपैकी कोणत्या भाषेत सभ्य शब्द त्याला ठाऊक असतात? मराठीत त्याला एक तर शिव्या ठाऊक असतात किंवा पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर शब्द. पहिले उच्चारता येत नाहीत आणि दुसरे आपलेसे वाटत नाहीत. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत नाव नसते, तिच्याविषयी प्रश्न विचारता येत नाही, तक्रार करता येत नाही आणि नकारही स्पष्टपणे देता येत नाही. एखाद्या मुलीला नको असलेला स्पर्श झाला, तर ती घरी येऊन आईला नेमके काय झाले ते सांगणार कोणत्या शब्दांत? शब्दांचे हे दारिद्र्य वरवर क्षुल्लक वाटते. त्याचे परिणाम मात्र क्षुल्लक नाहीत.

मित्रमंडळ आणि काल्पनिक बहुमत

घर जेथे गप्प बसते तेथे मित्र बोलू लागतात. मित्रांशी वारंवार येणारा संपर्क, मद्य व मादक पदार्थ आणि अश्लील चित्रफिती यांचा विवाहपूर्व संबंधांशी निकटचा संबंध पुण्याच्या अभ्यासातही आढळला होता. परंतु मित्रांचा प्रभाव केवळ आग्रहातून येत नाही. त्याहून सूक्ष्म अशी एक क्रिया येथे घडत असते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात मद्यपानाविषयी झालेला आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सामाजिक मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. तेथील विद्यार्थ्यांना मनातून आवारातील मद्यपान फारसे मान्य नव्हते. परंतु इतर सर्वांना ते मान्य आहे, असे प्रत्येकाला वाटत होते. या समजुतीमुळे कोणीच आपली नापसंती बोलून दाखवत नव्हते, आणि कोणीच बोलत नसल्यामुळे ती समजूत अधिकच घट्ट होत होती. अशा रीतीने जे बहुमत मुळात नव्हतेच त्याच्या दडपणाखाली सारे वागत होते.

विषय निराळा असला तरी ही क्रिया आपल्या वसतिगृहांतही ओळखता येण्याजोगी आहे. रात्रीच्या गप्पांत एक-दोघे आपल्या खऱ्या-खोट्या पराक्रमांचे वर्णन करतात आणि उरलेले आठ-दहा जण गप्प बसतात. प्रत्येक गप्प बसणाऱ्याला वाटते की, मागे पडलो तो मी एकटाच. मग प्रेम नसताना प्रेमाचे सोंग होते, मनात नसताना पाऊल पुढे टाकले जाते, आणि मुलीचा नकार हा स्वतःच्या पुरुषार्थाचा अपमान वाटू लागतो. या मुलांना कोणी एवढेच सांगितले असते की, ‘तुमच्या वयाच्या बहुसंख्य मुलांना असा अनुभव नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही’, तरी पुष्कळ दडपण कमी झाले असते.

जागा आणि लोकांची नजर

तिसरे कारण राहण्याच्या जागेशी निगडित आहे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. तेव्हापासून या शहरात बाहेरगावच्या मुलामुलींचा ओघ आहे. तर येथील अनेक मुले पुणे, मुंबई, बंगळूरला जातात. घर सुटते तेव्हा देखरेख सुटते, तसाच आधारही सुटतो. आजारपणात, अपयशात, एकटेपणात जे कोणी जवळ असते त्याच्याशी जवळीक वाढते. बाहेरून ज्याला स्वैराचार म्हटले जाते, त्याच्या मुळाशी अनेकदा केवळ एकाकीपण असते.

संस्था यावर उपाय म्हणून कुंपण उंच करतात, आणि ते बहुधा मुलींच्या वसतिगृहाचेच असते. मुलींना सायंकाळी परतण्याची वेळ, मुलांना मोकळीक, हा भेद अनेक ठिकाणी गृहीतच धरलेला असतो. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने सुरक्षिततेच्या नावाखाली विद्यार्थिनींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, असे स्पष्टपणे सुचवले. २०१५ मध्ये दिल्लीतील विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने याच प्रश्नावर आंदोलन उभारले. कुलूप लावल्याने भेट टळत नाही; ती अधिक आडबाजूच्या, अधिक असुरक्षित जागी होते.

गावाबाहेर राहणाऱ्या अल्पसंख्य मराठी समाजात लोकांच्या नजरेचा प्रश्न अधिक तीव्र असतो. समाज लहान, सर्वांची एकमेकांशी ओळख, मंडळाच्या गणेशोत्सवात सारे एकत्र. या आपलेपणाचे मोल मोठे आहे. परंतु याच आपलेपणामुळे संकटात सापडलेली मुलगी ओळखीच्या डॉक्टरांकडे जात नाही. कारण ते वडिलांचे मित्र असतात. औषधाच्या दुकानात मुलगा निरोध मागत नाही. कारण दुकानदार काकांना ओळखतो. नाव जाण्याच्या भीतीने संबंध थांबतातच असे नाही. थांबते ती पूर्वतयारी, थांबतो तो सल्ला. जे चोरून होते ते घाईत होते, आणि जे घाईत होते त्यात काळजीला जागा नसते.

दोन मापे

एकाच कृत्याला समाज दोन मापे लावतो. मुलाचे ते ‘वय असते’; मुलीचे ते ‘चालचलन’ ठरते. या दुहेरी मापाचा परिणाम असा की, संबंधातला आनंद दोघांचा असला तरी जोखीम जवळजवळ संपूर्णपणे एकीची होते. मुलीने होकार दिला तर ती हलकी आणि नकार दिला तर तो खरा नकार नव्हे, असे चित्रपटांतूनही वर्षानुवर्षे शिकवले गेले. ज्या मुलाने नकार म्हणजे लाजणे असे पडद्यावर शेकडो वेळा पाहिले आहे, त्याला पाठलाग हा प्रेमाचाच एक प्रकार वाटला तर आश्चर्य काय? २०१३ मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला; पण तो गुन्हा आहे हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

जातीचा विचार येथे टाळता येणार नाही. भारत मानव विकास पाहणीच्या २०११-१२ च्या माहितीनुसार देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण अवघे ५ टक्क्यांच्या आसपास होते. महाविद्यालयात मैत्री जात विचारून होत नाही. विवाह मात्र जात विचारून होतात. त्यामुळे अनेक तरुण जोडप्यांना आपल्या संबंधाला भविष्य नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अशा वेळी प्रामाणिक प्रेमही लपवावे लागते, आणि अप्रामाणिक माणसाला ‘घरचे ऐकत नाहीत’ ही सबब आयतीच मिळते. लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवायचे आणि पुढे जातीचे कारण सांगून हात झटकायचे, ही तक्रार न्यायालयांत वारंवार येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमानुसार, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन ठेवलेल्या संबंधांना दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

काही विद्यार्थ्यांचे आकर्षण समलिंगी व्यक्तीकडे असते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील अशा संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. तथापि घरात आणि वर्गात या मुलांच्या वाट्याला थट्टाच येते. मौनाचा भार सर्वांत अधिक त्यांच्यावर पडतो, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

हातातला पडदा

पूर्वी ‘पिवळी पुस्तके’ रद्दीच्या दुकानात लपूनछपून मिळत. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले आणि तेच साहित्य, त्याहून उग्र स्वरूपात, शाळकरी मुलांच्या खिशात आले. त्यावर केवळ संताप व्यक्त करून भागणार नाही. ते मुलांना काय शिकवते ते पाहिले पाहिजे. त्या चित्रफितींत ओळख नसते, विचारणा नसते, नकार नसतो, गर्भधारणा नसते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही नसते. ज्या मुलाला दुसरे कोणतेही शिक्षण मिळालेले नाही त्याला हेच शिक्षण वाटते. शिवाय विश्वासाने दिलेले छायाचित्र पुढे धमकीचे हत्यार बनते. संमतीवाचून खासगी छायाचित्र पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा प्रसंगी मुलीने लाजण्याचे कारण नाही, ही गोष्ट प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईवडिलांना ठाऊक असली पाहिजे.

कायदा आणि दवाखाना

वर्तनावर परिणाम करणाऱ्या संस्थांत कायदा आणि आरोग्यसेवा यांचाही समावेश होतो. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य राहिलेली नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात सतरा वर्षांचे विद्यार्थी असतात. दोघांच्या मनाने झालेली जवळीकही त्यांतील एकाला गंभीर गुन्ह्याच्या आरोपापर्यंत नेऊ शकते. ही वयोमर्यादा कमी करू नये, असेच मत विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात दिले. कायदा कसा असावा याविषयी मतभेद असू शकतात. पण तो आहे हे मुलांना आधी सांगितले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, आरोग्यविषयक कायद्याने अविवाहित स्त्रीची दखल उशिरा का होईना घेतली. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याचा आधार केवळ विवाहितेला होता. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबतही विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्णय दिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला स्वतःची संमती पुरेशी आहे, आणि तिचे नाव उघड करणे हा डॉक्टरांसाठी दंडनीय अपराध आहे. हे ठाऊक नसल्यामुळे एखादी विद्यार्थिनी कोणा अनधिकृत इसमाकडे जाते किंवा स्वतःच गोळ्या घेते, आणि जिवावर बेतते. अशा मृत्यूला केवळ तिची चूक कारण नसते. ज्यांनी तिला काही सांगितले नाही त्या सर्वांचा त्यात वाटा असतो.

शाळेचा वाटा

मराठी समाजाला हा विषय सर्वस्वी नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि आगरकर यांच्यात झालेला वाद सर्वश्रुत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. खटल्यात दंड झाला. पण प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व मराठीत त्या काळी मांडले गेले.

दुर्दैवाने पुढची वाटचाल उलट दिशेने झाली. केंद्र शासनाने २००५ मध्ये आखलेला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम २००७ च्या सुमारास गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश व कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी थांबवला. अशा शिक्षणाने मुले बिघडतील, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली. युनेस्कोने अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांसह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. शास्त्रशुद्ध लैंगिक शिक्षणाने मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत, उलट ती थांबण्याची आणि काळजी घेण्याची शक्यता वाढते, असे त्यातून दिसते. केवळ ‘संयम पाळा’ असे सांगणारे कार्यक्रम मात्र फारसे फळ देत नाहीत. २००६-०७ च्या पाहणीत कौटुंबिक जीवनाचे शिक्षण मिळाल्याचे सांगणारे तरुण सुमारे १५ टक्केच होते, हेही येथे लक्षात घ्यावे.

मग आपल्यासारख्या शाळेने काय करावे? फार खर्चाचे असे काही नाही. आठवी-नववीपासून शरीररचना, मासिक पाळी, स्वप्नावस्था यांविषयी मुलामुलींना शांतपणे आणि मराठीत सांगावे; त्यासाठी सभ्य, नित्याचे शब्द रूढ करावेत. संमती आणि नकार यांचा अर्थ मुलांना, विशेषतः मुलग्यांना, शिकवावा. प्रश्न नाव न लिहिता टाकण्यासाठी वर्गात एक पेटी ठेवावी आणि महिन्यातून एकदा डॉक्टर अथवा समुपदेशक यांनी त्यांची उत्तरे द्यावीत. बारावीच्या विद्यार्थ्यांना निरोप देताना कायद्याची आणि आरोग्यसेवेची माहिती देणारे दोन पानी पत्रक हाती द्यावे. केंद्र शासनाच्या २०१४ मधील राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली किशोरवयीनांसाठी सल्लाकेंद्रे आहेत. जवळचे केंद्र कोठे आहे, हे प्रत्येक वर्गशिक्षकाला माहीत असावे. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर या विषयालाही अर्धा तास द्यावा. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस या कामी द्यावा. देणगीइतकेच त्याचे मोल आहे.

मुलांना संयम शिकवू नये, असे कोणी म्हणत नाही. परंतु जे जाणून स्वीकारले जाते तेच संयम या नावाला पात्र असते. अज्ञानातून आणि भीतीतून आलेला संयम पहिल्या वादळात मोडतो. आपण तरुणांना विवाहासाठी थांबायला सांगितले, शिकायला सांगितले, एकत्र बसून शिकायला सांगितले. या सर्व आज्ञा योग्य होत्या. त्या देणाऱ्या समाजावर त्यांच्याबरोबर येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्याचीही जबाबदारी येते. घरातील एका प्रौढ माणसाला आणि शाळेतील एका शिक्षकाला न घाबरता प्रश्न विचारता येतो, एवढी खात्री प्रत्येक मुलामुलीला देणे आपल्या हाती आहे, आणि ती येत्या शैक्षणिक वर्षापासूनच देता येण्याजोगी आहे.